दारातलं पांढरं पातळ

उंबरखडी, ता. घनसावंगी
१८ मार्च २०२५

गिरिजाआत्या,
सप्रेम जय भीम.

फोन करून उपयोग नाही हे मला कळून चुकलं आहे. मागच्या खेपेला मी इकडून ओरडत होतो आणि तू तिकडून "कोण, गॅसवाला का?" असं विचारत होतीस. म्हणून हे पत्र. शिवाय मला जे हवं आहे ते लेखीच हवं आहे.

आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्राची डागडुजी झाली. बारा मेला परिचारिका दिन असतो, त्या दिवशी उद्घाटन. दर्शनी भिंतीवर तुझं चित्र काढायचं ठरलं आहे आणि ते मी काढतो आहे. फ्लेक्स लावू म्हणणारेही होते. मी सांगितलं, या भागातली पहिली शिकलेली नर्सबाई फ्लेक्सवर फडफडणार असेल तर मी तीर्थपुरीचं दुकान बंद करून शेळ्या राखीन. मग गप्प बसले.

कार्यक्रमपत्रिकेत "जालना जिल्ह्यातील पहिल्या" असं छापायला निघाले होते. तू नोकरीला लागलीस तेव्हा जालना जिल्हाच नव्हता. जिल्हा औरंगाबाद, तालुका अंबड. हे दाखवून दिलं तर ग्रामसेवक मला म्हणतो, "पेंटर, एवढं कोण बघतं?" मी बघतो. मला चित्रकला कुणी शिकवली नाही, शाळाही नववीपुढे गेली नाही. मास्तर नव्हता म्हणूनच बघायची सवय लागली. एक जरी तपशील चुकला तरी त्या चित्राखाली माझी सही नसते. हा माझा आजवरचा नियम आहे.

आता अडलं कुठं ते सांगतो. तुझ्या अंगावर कुठला रंग द्यायचा?

आपल्या वस्तीचं म्हणणं, पांढरं पातळ. त्यात यंदा बारा मेलाच बुद्धपौर्णिमा आली आहे. सगळ्या बाया पांढऱ्यात येणार, मग भिंतीवरची गिरिजाबाई दुसऱ्या रंगात कशी? मीही तेच म्हणतो. सरपंच कल्याणराव मात्र हिरव्या लुगड्यावर अडून बसलेत. का, तर त्यांच्या आईने, बेबीनंदाबाईंनी, तुला हिरव्यात पाहिलं म्हणे. "माझ्या बाळंतपणाला आल्ती तवा हिरवं लुगडं व्हतं, माझ्या डोळ्यानं पाह्यलं," असं त्या घरोघर सांगतात. कळा देणाऱ्या बाईच्या भरवशावर कुणी भिंत रंगवतं का?

कल्याणरावांच्या जन्माच्या वेळी त्यांच्या घरच्यांनी तुला पांढऱ्या पातळावरून दारात अडवलं आणि तू ते बदललं नाहीस, हे आपल्या वस्तीत पोराटोरांना पाठ आहे. म्हणून तर तुझं चित्र! तरी एक ओळ लिहून पाठव: "मी शेवटपर्यंत पांढऱ्या पातळातच होते." खाली सही, तारीख. बाकी लोकांचं मी बघून घेतो.

भावनाताईला जय भीम सांग. लेक जवळ असली तरी औषधं स्वतः मोजून घेत जा.

तुझा भाचा,
धम्मपाल


बदनापूर
२७ मार्च २०२५

धम्मपाल,

आशीर्वाद. तुझं अक्षर पाटीवर शोभतं. पत्रात एवढं मोठं काढायची गरज नसते.

चित्राचीही नाही. भिंतीला चुना द्या. बाळंतपणाच्या खोलीतल्या नळाला पाणी आहे का ते कळव. बाहेरच्या टाकीचं विचारत नाही, आतल्या नळाचं विचारते. माझ्या वेळी इमारत बांधली तेव्हाही नळ बसवला होता. मी रिटायर होईपर्यंत त्यातून पाणी आलं नाही. हात धुवायला घागर घेऊन जायची मी. नवीन सिस्टरची नेमणूक झाली का? तिला राहायला खोली आहे का, खोलीला आतून कडी आहे का? यातलं एक अक्षर तू लिहिलं नाहीस. पातळाच्या रंगावर पानं भरलीस.

कल्याण पायांकडून जन्मलेला. उसण भरली की लोक अजून त्याच्याकडून पाठीवर लाथ मारून घ्यायला जातात का? जात असतील तर त्याला सांग, पायाळू असण्यात त्याचं काही कर्तृत्व नाही. मेहनत माझी होती.

तू मागितलेली ओळ मी लिहिणार नाही. गुडघा बरा आहे.

गिरिजाआत्या


उंबरखडी
३ एप्रिल २०२५

गिरिजाआत्या,
जय भीम.

तुझ्या पत्राने डोकं उठलं. तरी आधी तुझी उत्तरं देतो, नाहीतर तू पुन्हा तेच विचारशील. नळ बसवला आहे, स्टीलचा, चकचकीत. पाण्याचं कल्याणराव म्हणाले, "लाईन टाकून राह्यलो ना!" सिस्टर आली आहे. अर्पिता नाव, अंबडकडची. कडीचं विचारलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, पेंटरला कडी कशाला पाहिजे म्हणून. आणि हो, लोक अजून लाथ खायला येतात. परवा ग्रामपंचायतीची मीटिंग चालू असताना अंबडचे एक वकील कमरेवर हात ठेवून आले. सरपंचांनी चप्पल काढली, वकिलांना एक लाथ घातली आणि पुढचा विषय घेतला.

त्याच मीटिंगमध्ये तुझा विषय निघाला. कल्याणराव म्हणाले, "पेंटर, माझी माय खोटं बोलती का?" मी विचारलं, "मग माझे बाबा खोटं बोलत होते का?" तेव्हा कुणीतरी तोडगा काढला, पांढरं पातळ अन् हिरवे काठ. मी उठून आलो.

बाबा तर तुझे सख्खे भाऊ. त्या दुपारी तेच तुझ्यासोबत गेले होते. ते ऊन, गल्लीच्या तोंडाशी असलेलं लिंबाचं झाड, सगळं ते सांगायचे. त्यांना अंगणात येऊ दिलं नाही, म्हणून ते लिंबाखाली थांबले. बाळंतिणीची सासू तुळजाबाई तुला म्हणाली, पांढऱ्या लुगड्यातली बाई आत नको. "आमची गिरिजा उंबऱ्यावर बसली," बाबा सांगायचे. "गल्लीकडं पाठ करून, डोक्यावर पदर घेऊन. हालली न्हाई. पांढरं सोडलं न्हाई. शेवटी त्यायलाच आत न्यावं लागलं." हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी त्याच ठिकाणी भरून यायचा. हे ऐकतच मी मोठा झालो, आत्या. लोकांच्या दुकानाच्या पाट्या रंगवताना कुणी पैसे देताना वरून टाकले, तर मी ते उचलत नसे. का, तर माझी आत्या उंबऱ्यावर बसली होती.

भिंतीवर तुझा चेहरा झाला आहे, हात झाले आहेत, बॅग झाली आहे. मध्ये नुसतं प्रायमर. येणारे जाणारे विचारतात, "पेंटर, बाई धुक्यात हाय का?"

तू ओळ लिहिली नाहीस तर तुझं गप्प राहणं म्हणजे होकार समजून मी पांढरा डबा उघडणार.

धम्मपाल


बदनापूर
१२ एप्रिल २०२५

धम्मपाल,

डबा उघडू नकोस. बस आणि वाच. तू पांढरं लावशील म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

दादाने सांगितलेलं ऊन खरं, लिंब खरा. बेबीनंदाचं पहिलंच बाळंतपण. पाय खाली आले होते. अंबडला न्यायला बैलगाडी जुंपायची म्हटलं तरी ती वाटेतच गेली असती. मी सरकारी पांढऱ्या पातळात पोचले. तुळजाबाई दारात आडवी. म्हणाली, "ह्ये रांडमुंड बाईचं नेसणं. बाळंतिणीपुढं चालायचं न्हाई." आपल्यात लग्नाला, वंदनेला हाच रंग असतो, हे मला सांगता आलं असतं. दादा लिंबाखालून तेच ओरडत होता. तेवढ्यात आतून बेबीनंदा ओरडली. त्या आवाजावरून मला कळलं की आता बोलायला वेळ नाही.

मी तुळजाबाईला म्हटलं, "मग तुमचं द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला धरून घरामागच्या गोठ्यात, दादाच्या नजरेआड नेलं आणि अंगावरचं हिरवं लुगडं सोडलं. मला नऊवारी येत नव्हतं. तिनेच नेसवलं, कासोटा तिनेच खोचला, स्वतःच्या हाताने. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं आणि तिला आत जाऊन दुसरं काढायला मी वेळ दिला नाही. तिने माझं पातळ उचललं. गोल पातळ तिला नेसता येईना, निऱ्या जमेनात. चादरीसारखं गुंडाळलं. मी गोठ्याच्या दाराने आत गेले.

नियम तिचाच, त्यात तीच अडकली. पांढऱ्यात ती सुनेपुढे येऊ शकत नव्हती आणि बाहेर गल्लीत जाऊ शकत नव्हती. म्हणून ती पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली, गल्लीकडे पाठ करून, पदर तोंडावर ओढून. दुसऱ्या कुणाला तिने आत येऊ दिलं नाही. दादाने पाहिली ती पाठ तुळजाबाईची.

पातळ हे निमित्त होतं, की मी आपल्या वस्तीची हे तिच्या मनात होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तिने स्वतःचं सोडून मला दिलं आणि माझं अंगाला लावलं, तिथे ते निमित्त संपलं.

पोराचं डोकं अडकलं होतं. ते कसं सोडवलं हे तुला लिहून कळायचं नाही. रडलं. आई वाचली. मग गोठ्यात आम्ही परत अदलाबदल केली. ती म्हणाली, "बाई, कुठं बोलू नका. नवरा जित्ता असताना मी पांढरं नेसले, आन् त्येबी तुमचं." मी शब्द दिला.

बाहेर आले तर दादाच्या डोळ्यांना धार लागलेली. "बसलीस, पण पातळ सोडलं न्हाईस!" त्या तोंडाकडे बघून मी काय सांगायला हवं होतं, तू सांग. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत झालं होतं. नंतर दादाने ते इतक्यांदा सांगितलं की मला तोंड उघडायला जागाच उरली नाही.

आता तू म्हणशील, आत्याने हार खाल्ली. मी तिथं बाळंतपण करायला गेले होते, पातळ जिंकायला नव्हे. त्यानंतर त्या गल्लीतलं एकही बाळंतपण माझ्याशिवाय झालं नाही, आणि पांढऱ्यावरून पुन्हा कुणी अडवलं नाही. त्या पहिल्या दिवसाचं मला आजतागायत काही वाटलेलं नाही.

तुळजाबाई गेली, तिला दिलेला शब्दही तिच्याबरोबर गेला असं मी धरते. पण गावात बोलण्याआधी बेबीनंदाला सांग. सासू तिची होती.

आणि पाण्याचं "टाकून राह्यलो" हे उत्तर नव्हे.

गिरिजाआत्या


बदनापूर
२४ एप्रिल २०२५

धम्मपाल,

पत्र मिळालं का? भावना म्हणते तिच्या मोबाईलवर तू अंगठा पाठवलास. अंगठा म्हणजे काय उत्तर झालं? रागावला असशील तर तसं लिही. अक्षर मोठं आहेच तुझं.

गिरिजाआत्या


उंबरखडी
२९ एप्रिल २०२५

आत्या,

रागावलो होतो. अजूनही आहे. बाबा शेवटच्या दुखण्यातसुद्धा उंबऱ्याची गोष्ट सांगत होते, तू उशाशी बसून त्यांना पेज भरवत होतीस आणि मान हलवत होतीस. मान हलवायची काय गरज होती? मी आठ दिवस भिंतीकडे फिरकलो नाही. कल्याणरावांनी माणूस पाठवला, त्याला सांगितलं, पेंटर मेला.

मग एका दुपारी जाऊन लिंबाखाली उभा राहिलो. झाड आहे अजून, घरही तेच आहे, फक्त वर पत्रे आलेत. तिथून ते दार नीट दिसतं, पण उंबऱ्यावर बसलेल्या माणसाची नुसती पाठ. डोक्यावर पदर असेल तर बाई कुठली हे जगातला कुठलाही चित्रकार सांगू शकणार नाही. म्हणजे बाबांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. पांढरं होतं, बसली होती, हालली नाही. कोण, एवढंच चुकलं. हे मला स्वतःला पटवायला ते झाड बघावं लागलं.

तिथूनच बेबीनंदाबाईंकडे, त्यांच्या नव्या घरी गेलो. त्या गच्चीवर कुरडया वाळत घालून काठीने कावळे हाकलत होत्या. मी हिरव्या लुगड्यापर्यंत सांगितलं तर काठी आपटून म्हणाल्या, "बघा! व्हतं का न्हाई हिरवं? मला येडी ठरवून राह्यलते सगळे! आमच्या सासूबाईसारखंच हाय असं बी मनात आल्तं. म्हणलं, बाजारात येकसारखे मिळत्यात."

मग मी पुढचं सांगितलं. गोठा, पांढरं पातळ, उंबरा.

त्यांनी काठी खाली ठेवली. म्हणाल्या, "म्हंजी त्या आत आल्या न्हाईत, ते ह्याच्यापायी?"

मी म्हटलं, हो.

"मी हाका मारून राह्यलते, पेंटर. सासूबाई, सासूबाई. बाहीरूनच म्हणायच्या, धीर धर. आत पाऊल न्हाई टाकलं. मला वाटलं, पायाळू पोर हाय, सून मरती का जगती हिला काय त्याचं. त्यायनी कदी सांगितलं न्हाई, मी कदी विचारलं न्हाई. आयुष्यभर त्यायला ताट वाढलं, शेवटाला पाणी बी पाजलं. पण मनातून धड बोलले न्हाई."

एक कावळा कुरडई घेऊन गेला. त्यांनी काठी उचलली नाही.

जिना उतरताना त्यांनी वरून हाक मारली, "दोघीला बी काढा."

काढतो. तू हिरव्यात, आत जाताना. तुळजाबाई पांढऱ्यात, उंबऱ्यावर, पाठमोरी. वस्ती मला पांढऱ्याबद्दल शिव्या घालणार आणि वरची गल्ली उंबऱ्याबद्दल. घालू दे. आता पुढील गोष्टी नक्की सांग, अंदाजपंचे नको: बॅग कुठल्या हातात? लुगड्याचे काठ? तुझ्या डोक्यावर पदर होता का? आणि पातळ चादरीसारखं गुंडाळलं म्हणजे नेमकं कसं?

धम्मपाल


बदनापूर
५ मे २०२५

धम्मपाल,

बॅग डाव्या हातात. काठ लाल, दोन बोटं रुंद. माझा पदर कमरेला खोचलेला. पातळ दोनदा अंगाभोवती फिरवलेलं आणि उरलेलं डोक्यावरून पुढे ओढलेलं. निऱ्या नाहीत. तिचं तोंड दाखवू नकोस. तिला ते नको होतं.

दादाबद्दल लिहिलंस ते नीट लिहिलंस. दोनदा वाचलं. मी मान का हलवायचे ते तुला साठीनंतर कळेल.

भावना म्हणते गाडी करून आणते. पाणी असेल तर येईन.

गिरिजाआत्या


उंबरखडी
२० मे २०२५

गिरिजाआत्या,
जय भीम.

तू सुखरूप पोचलीस हे भावनाताईने कळवलं. तू आलीस, गावाला उन्हात उभं केलंस आणि निघून गेलीस. मागे मी राहिलो आहे, लोकांच्या तोंडी.

पाहुणे मंचावर, हार तयार, आणि सत्कारमूर्ती थेट बाळंतपणाच्या खोलीत! तू नळ सोडलास तेव्हा त्यातून फुस्स एवढंच आलं. तू तिथंच स्टूल ओढून बसलीस आणि म्हणालीस, "पाणी आलं की हाक मारा." कल्याणराव घामाघूम. "मावशी, बिलकुल दोन दिवसांत करतो, पण पाहुणे थांबून राह्यले." तू काय म्हणालीस ते आता सगळं गाव एकमेकांना सांगतं: "तुझं डोकं अडकलं होतं तेव्हा मी दोन दिवसांनी येते म्हणाले असते तर?" मग लाईन जोडायला सरपंच स्वतः खड्ड्यात उतरले. गढूळ का होईना पाणी आलं, तू हात धुतलेस, अर्पिता सिस्टरला धुवायला लावलेस, तिच्या खोलीची कडी तीनदा लावून पाहिलीस, आणि मग बाहेर आलीस. पाहुणे तोवर जेवायला गेले होते. पाणी अजून येतं. आता स्वच्छ येतं. सिस्टर म्हणाली तुला कळवा.

आता चित्राचं. तू आणि बेबीनंदाबाई भिंतीपुढे उभ्या होतात तेव्हा मी मागेच होतो. तुला ऐकू येत नसल्याने तुमचं भांडण निम्म्या गावाने ऐकलं.

"सासूबाई अशा गबाळ्या नव्हत्या. नीट नेसवा त्यायला."

"येत नव्हतं तिला!"

"मंग तुमी नेसवायचं व्हतं ना बाई! त्यायनी तुमाला नेसवलं की!"

"तुझ्याकडं बघू का तिच्या निऱ्यांकडं?"

 तू त्यांचा हात धरलास. मला वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं. तू गेलीस आणि दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी स्टूल घेऊन येतात आणि भिंतीपुढे बसतात. मी म्हणालो, बाई, गिरिजाआत्याने लेखी दिलं आहे, निऱ्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लिवलेलं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." मी म्हणालो, खोटं काढणार नाही. त्या बसून राहिल्या. मी चहा पाजला, छत्री आणून दिली, कल्याणरावांना बोलावलं. ते म्हणाले, "माय ऐकत न्हाई, तुमीच बघा." शनिवारी मी वैतागून विचारलं, एवढं काय अडलंय त्या निऱ्यांवाचून? तर म्हणाल्या, "माझ्यापायी बसल्या त्या तशा. मला येवढं तरी करू द्या त्यायचं."

काल निऱ्या घातल्या. पाच. पातळ पाठीकडून दिसत असल्यामुळे त्यातल्या दोनच दिसतात, हे बेबीनंदाबाईंना समजावताना दुपार गेली. शेवटी त्यांनी जवळ जाऊन बोटाने चाचपून पाहिलं, ओला रंग पदराला पुसला आणि स्टूल उचलून घरी गेल्या.

तू आता मुद्दाम बघायला येऊ नकोस. चूक आहे हे मला माहीत आहे. नियमाप्रमाणे खाली सही घातलेली नाही, तो कोपरा कोराच आहे. कोणी विचारलंच, तर चित्र कुणाचं हे सांगायला मी दुकानात असतो.

तुझा,
धम्मपाल